एक धागा, हजारो पिढ्या : हॅप्लोग्रुपवरून प्राचीन स्थलांतरे कशी शोधतात

हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी सापडलेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनएचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा एकाच संशोधनावरून एकमेकांना छेद देणारे मथळे निघाले. आर्य बाहेरून आले हे सिद्ध झाले, असे कोणी लिहिले. ते आलेच नव्हते हे सिद्ध झाले, असेही कोणी लिहिले. त्या गदारोळात ‘हॅप्लोग्रुप’ हा शब्द वाचकांच्या नजरेखालून अनेकदा गेला, पण त्याचा अर्थ सांगण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. लाळेचा नमुना पाठवला की ‘तुमचे मूळ’ कळवणाऱ्या चाचण्यांच्या अहवालातही ‘मातृगट एम-३०, पितृगट आर-१ए’ अशी एखादी ओळ असते, आणि वाचणारा ती कुंडलीतल्या ग्रहासारखी मनावर घेतो. ही अक्षरे आणि हे आकडे कुठून येतात, त्यांवरून हजारो वर्षांपूर्वीच्या वाटा कशा सापडतात आणि कोणत्या गोष्टी त्यांच्यातून मुळीच कळत नाहीत, हे येथे पाहू.

न पिसले जाणारे दोन पत्ते

आपल्या पेशीत डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरांची जोडी असते. एक संच आईकडून, एक वडिलांकडून आलेला. मूल होताना हे संच जसेच्या तसे पुढे जात नाहीत. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना आजीकडून आणि आजोबांकडून आलेले तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात, आणि त्या पिसलेल्या कॅटातला अर्धाच भाग मुलाच्या वाट्याला येतो. दहा पिढ्या अशी पिसापिस झाली की कोणता तुकडा कोणत्या पणजीच्या पणजोबाचा, हे शोधणे अतिशय किचकट होते.

या पिसण्यातून दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे मायटोकाँड्रियातला डीएनए. मायटोकाँड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, ही पेशीला ऊर्जा पुरवणारी घटकरचना असून तिच्याजवळ स्वतःचा १६,५६९ अक्षरांचा छोटासा गोलाकार डीएनए असतो. तो आईकडून मुलाला आणि मुलीला दोघांनाही मिळतो, पण पुढे तो फक्त मुलगीच देऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे वाय गुणसूत्र. ते फक्त पुरुषात असते आणि बापाकडून मुलाकडे जाते. त्याची दोन टोके सोडली तर उरलेला सारा भाग कोणाशीही अदलाबदल न करता पुढे सरकतो. म्हणजे आईची आई, तिची आई, तिची आई अशी एक सरळ रेषा मायटोकाँड्रियाच्या डीएनएमध्ये टिकून राहते, आणि बापाचा बाप, त्याचा बाप अशी दुसरी रेषा वाय गुणसूत्रात. स्त्रीजवळ वाय गुणसूत्र नसल्यामुळे तिला आपली पितृरेषा पाहायची असेल तर वडिलांचा, सख्ख्या भावाचा किंवा चुलत्याचा नमुना द्यावा लागतो.

लेखनिकाची चूक हीच खूण

छपाई नव्हती तेव्हा पोथ्या हाताने उतरवल्या जात. उतरवताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर बदले, आणि त्या नकलेवरून पुढे जितक्या नकला होत त्या सगळ्यांत ती चूक जशीच्या तशी उतरे. पुढच्या एखाद्या लेखनिकाकडून आणखी एक चूक होई. ती मात्र त्याच्या पोथीवरून निघालेल्या नकलांपुरती राही. मूळ पोथी हरवली असली तरी उपलब्ध नकलांमधील सामाईक चुका जुळवून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून निघाली हे जाणकाराला मांडता येते. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच विचित्र चूक असेल, तर त्या दोघींचा पूर्वज एक असला पाहिजे.

डीएनएचेही असेच होते. पिढीमागून पिढी नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते. या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. पिसले न जाणाऱ्या डीएनएमध्ये असे बदल एकावर एक साचत जातात, आणि एखादा विशिष्ट बदल ज्यांच्यात आहे ते सारे, तो बदल ज्या एका स्त्रीत किंवा पुरुषात प्रथम झाला त्या व्यक्तीचे वंशज असतात. एकाच वंशवृक्षाच्या अशा एका फांदीवर बसणाऱ्या सगळ्यांच्या गटाला हॅप्लोग्रुप म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. त्यात चेहरा, वर्ण, भाषा, धर्म किंवा जात यांपैकी काहीही येत नाही.

फांद्यांना रोमन वर्णमालेतील अक्षरे दिलेली आहेत, आणि उपफांद्यांना पुढे आकडे व अक्षरे: आर, आर-१, आर-१ए अशी. नावांची ही पद्धत एका बाबतीत मात्र फार घोटाळ्याची आहे. मातृरेषेच्या झाडावरचा ‘आर’ आणि पितृरेषेच्या झाडावरचा ‘आर’ यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. दोन वेगळी झाडे, फक्त अक्षर तेच. अहवाल वाचताना निम्मा गोंधळ येथेच होतो. शिवाय नव्या फांद्या सापडल्या की जुन्यांची नावे बदलतात, म्हणून अलीकडे संशोधक फांदी ज्या बदलावरून ओळखतात त्या बदलाचा क्रमांकच नावाला जोडतात.

झाडाचे मूळ आफ्रिकेत, हे कशावरून

१९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांत मुळे असलेल्या १४७ व्यक्तींच्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी बाळंतपणानंतर मिळणारी वार वापरली होती, कारण तिच्यातून भरपूर डीएनए मिळतो. त्यातून जे झाड उभे राहिले त्याचे खोड आफ्रिकेत होते, आणि सगळ्या रेषा जिथे मिळतात ती स्त्री सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची निघाली. पुढे हजारो संपूर्ण क्रम वाचले गेले, तरी झाडाचा ढाचा तोच राहिला.

या निष्कर्षामागचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. आफ्रिकेत गट अधिक आहेत, हा त्याचा एक भाग झाला. खरे महत्त्व आहे ते कोणती फांदी कोणत्या फांदीच्या पोटातून फुटली याला. मातृरेषेच्या झाडावर सर्वांत जुन्या फांद्या एल-० पासून एल-६ पर्यंतच्या आहेत आणि त्या आफ्रिकेत आढळतात. त्यांपैकी एल-३ ही एकच फांदी, साधारण ७० हजार वर्षांपूर्वीची. तिच्यातून एम आणि एन असे दोन कोंब फुटले. आशिया, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथल्या मूळ रहिवाशांच्या मातृरेषा जवळजवळ सगळ्या या दोन कोंबांवर येतात. पोथीच्या भाषेत सांगायचे तर आफ्रिकेच्या दप्तरखान्यात सर्व घराण्यांच्या नकला आहेत, आणि बाहेरच्या साऱ्या जगात त्यांतल्या एकाच घराण्याच्या दोन नकलांवरून निघालेल्या पोथ्या आहेत. प्रवासाची दिशा उलटी मानली, तर आफ्रिकेतल्या इतर सर्व फांद्या बाहेरून तेथे जाऊन बाहेर मात्र पूर्ण नष्ट झाल्या असे मानावे लागेल, आणि तसे मानायला काही आधार नाही.

पितृरेषेचेही हेच. २०१३ साली अमेरिकेतील एका आफ्रिकी वंशाच्या माणसाचे वाय गुणसूत्र तोवर माहीत असलेल्या कोणत्याच फांदीवर बसेना. अखेर त्याच्यासाठी झाडाच्या बुंध्याजवळ ‘ए-००’ अशी नवी फांदी काढावी लागली. तिचे नातेवाईक नंतर पश्चिम कॅमेरूनमधील म्बो समाजात सापडले. घरगुती हौसेपोटी दिलेल्या एका नमुन्याने सबंध मानवजातीच्या पितृरेषेचा उगम लाखभर वर्षे मागे जावा, ही या शास्त्राच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी घटना आहे.

एम ही फांदी भारतीय उपखंडात फार दाट पसरलेली आहे. येथल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या मातृरेषा तिच्यावर येतात, आणि तिच्या कित्येक उपफांद्या उपखंडाबाहेर जवळजवळ नाहीत. याचा अर्थ आफ्रिकेतून निघालेल्या माणसांपैकी काहींच्या मुली येथे फार लवकर स्थिरावल्या, आणि त्यांचे मातृधागे तेव्हापासून तुटलेले नाहीत.

वर्षे कशी मोजतात

डीएनएवर तारीख लिहिलेली नसते, मग ७० हजार वर्षे हा आकडा येतो कुठून, ही शंका रास्त आहे. बदल साचण्याचा सरासरी वेग माहीत असेल तर दोन रेषांतले फरक मोजून त्या किती काळापूर्वी वेगळ्या झाल्या हे काढता येते. मायटोकाँड्रियाच्या संपूर्ण डीएनएमध्ये साधारण अडीच ते साडेतीन हजार वर्षांत एक बदल टिकून राहतो. वाय गुणसूत्र फार मोठे असल्यामुळे त्याचे काटे अधिक बारीक आहेत. त्याची कोटभर अक्षरे नीट वाचली तर दर सव्वाशे-दीडशे वर्षांमागे एक बदल सापडतो.

हे घड्याळ लावायचे कशावर? येथे एका मांडीच्या हाडाने मोठे काम केले. २००८ साली पश्चिम सायबेरियात इर्तिश नदीच्या काठी, उस्त-इशिम या गावाजवळ, मॅमथचे सुळे शोधत हिंडणाऱ्या एका हस्तिदंती कारागिराला ते मिळाले. किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजणीने ते सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषाचे ठरले, आणि त्याचा संपूर्ण डीएनए २०१४ साली प्रसिद्ध झाला. आता गंमत अशी, की हा माणूस मेला तेव्हाच त्याच्या डीएनएची नक्कल थांबली. आपल्या रेषा मात्र आणखी ४५ हजार वर्षे चालत राहिल्या आणि बदल गोळा करत राहिल्या. त्यामुळे सामाईक पूर्वजापासून मोजले तर त्याच्यात आपल्यापेक्षा कमी बदल असले पाहिजेत, आणि तसे ते आहेतही. मायटोकाँड्रियाच्या बाबतीत वरच्या वेगाने ही तूट तेरा ते अठरा बदलांच्या आसपास यावी. नेमकी तूट मोजायची, तिला ४५ हजार वर्षांनी भागायचे, म्हणजे वेग हाती येतो. हाडाचे वय स्वतंत्र पद्धतीने ठरलेले असल्यामुळे हा वेग ओढूनताणून बसवलेला नसतो.

तरीही बदल रांगेत ठरल्या वेळी येत नाहीत. कधी लागोपाठ येतात, कधी बराच काळ येत नाहीत. म्हणून कोणत्याही फांदीचे वय सांगताना हजारो वर्षांची चूकभूल धरावीच लागते, आणि एखाद्या बातमीत फांदीचे वय शेकड्यापर्यंत नेमके दिले असेल तर ते संशयाने वाचावे.

आई एका बेटावरची, बाप दुसऱ्या

दोन रेषा स्वतंत्रपणे वाहतात, म्हणून त्यांची तुलना केली की केवळ माणसे गेली एवढेच कळत नाही, तर बायका गेल्या की पुरुष हेही कळते. पॉलिनेशियाचे उदाहरण घ्या. प्रशांत महासागरातील या दूरदूरच्या बेटांवरील लोकांच्या मातृरेषांपैकी ९० टक्क्यांहून अधिक आशियाई मुळाच्या आहेत. त्यांतली बी-४ची एक उपफांदी इतकी ठळक आहे की तिला ‘पॉलिनेशियन खूण’ असे नावच पडले. पण पितृरेषांपैकी सुमारे दोन तृतीयांश न्यू गिनीच्या परिसरातल्या, मेलानेशियन मुळाच्या आहेत. आशियातून निघालेले दर्यावर्दी वाटेत थांबले, त्यांच्या समाजात स्थानिक पुरुष जावई म्हणून आले आणि मग हा मिश्र समाज पुढे गेला, अशी कथा त्यावरून मांडली गेली.

ती अर्धीच बरोबर निघाली. २०१६ साली वानुआतू आणि टोंगा येथल्या सर्वांत जुन्या रहिवाशांचा, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा, डीएनए वाचला गेला तेव्हा त्यांच्यात मेलानेशियन अंश जवळजवळ नव्हताच. म्हणजे पहिली माणसे न मिसळता पोहोचली होती; मिसळ नंतरची, आणि तिच्यात पुरुषांचा वाटा मोठा. कोण कोणात मिसळले हे हॅप्लोग्रुपने अचूक सांगितले होते. केव्हा आणि कुठे, हे त्यावरून केलेले अनुमान चुकले. या शास्त्राची ताकद आणि मर्यादा एकाच उदाहरणात पाहायची असेल तर हेच पाहावे.

भारतात याला समांतर असे उदाहरण मुंडा कुळातील भाषा बोलणाऱ्या समाजांचे आहे. संथाली, मुंडारी या भाषांचे नाते आग्नेय आशियातील ख्मेर आणि व्हिएतनामी भाषांशी आहे. या समाजांतील बहुसंख्य पुरुषांची पितृरेषा ओ फांदीची, एम-९५ या बदलाने ओळखली जाणारी आहे आणि तिचे सोयरे आग्नेय आशियात सापडतात. मातृरेषा मात्र जवळजवळ पूर्णपणे उपखंडातल्या आहेत. आलेल्यांत पुरुष जास्त होते, त्यांनी येथल्या स्त्रियांशी संसार केले, आणि निदान या खेपेस मुलांना भाषा बापाची मिळाली.

मग ती ‘आदिमाता’ एकटीच होती का

नाही. १९८७ च्या संशोधनानंतर तिला ‘मायटोकाँड्रियल ईव्ह’ असे नाव पडले आणि त्या नावाने समजापेक्षा गैरसमजच अधिक पसरवला, असे माझे मत आहे. तिच्या काळी हजारो स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकी अनेकींचे डीएनएचे तुकडे आज आपल्यात आहेत. फरक एवढाच, की इतरांच्या आईकडून मुलीकडे जाणाऱ्या रेषा केव्हा ना केव्हा थांबल्या. एखाद्या स्त्रीला चार मुलगे झाले आणि मुलगी झाली नाही, की नातवंडे कितीही असोत, तिचा मातृधागा तेथेच संपतो. पुरेशा पिढ्या गेल्या की असे धागे संपत संपत एकच उरतो. तो कोणाचा उरेल हे बरेचसे योगायोगावर असते. पितृरेषेचा असाच एक सामाईक पूर्वज आहे. तो आणि ती एकमेकांना भेटले असण्याचे काही कारण नाही.

धागे संपतात याचा हाती धरून पाहावा असा पुरावा ओत्झी. १९९१ साली आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या या माणसाची मातृरेषा के-१ची अशी एक उपफांदी आहे, जी आजवर तपासलेल्या कोणाही हयात व्यक्तीत मिळाली नाही. त्याची पितृरेषा, जी-२ए, अजून चालू आहे. तिचे दूरचे सोयरे आजच्या टायरोलमध्येही आहेत.

आज जिथे सापडतो, तिथेच तो गट जन्मला का

जुन्या हाडांतून डीएनए काढणे साधले नव्हते तोपर्यंत आजच्या माणसांवरूनच कालचा नकाशा काढावा लागे. नियम साधा होता: ज्या प्रदेशात एखाद्या फांदीची विविधता सर्वाधिक, तो तिचा उगम. हा नियम पुष्कळदा लागू पडतो, पण माणसे जागा बदलत राहतात आणि वस्त्या नाहीशाही होतात. आजच्या युरोपात मूळची एम मातृरेषा जवळजवळ नाही, म्हणून एमचे लोक युरोपात कधी गेलेच नाहीत असे समजले जाई. २०१६ साली बेल्जियम आणि फ्रान्समधील हिमयुगीन शिकाऱ्यांच्या हाडांत एम मिळाला. तो तेथे होता. हिमयुगाच्या सर्वांत कडक थंडीच्या काळात ती वस्ती आटली आणि धागा तुटला.

याच्या उलट, जिथे अपेक्षा नव्हती तिथे एखादा गट सापडतो. सायबेरियात बैकल सरोवराच्या परिसरातील माल्ता येथे पुरलेला एक लहान मुलगा सुमारे २४ हजार वर्षांपूर्वीचा. त्याचे वाय गुणसूत्र आर या फांदीच्या मुळाशी बसते, म्हणजे ज्या फांदीचे वंशज आज पश्चिम युरोपात आणि दक्षिण आशियात कोट्यवधींनी आहेत तिच्या. त्याच्या समाजाचा अंश अमेरिकेतील मूळ रहिवाशांतही आहे, ज्यांच्यात पितृरेषा बहुतांशी क्यू आहे. क्यू आणि आर या सख्ख्या बहिणी. एका मुलाच्या हाडांनी युरोप आणि अमेरिका यांना सायबेरियात जोडले. आजच्या सायबेरियातील लोकांना कितीही तपासले असते तरी हे कळले नसते.

आर-१ए म्हणजे आर्य का

येथे अक्षराच्या साम्याने घोटाळा केला आहे. आर-१ए मधल्या आर या अक्षराचा आर्य या शब्दाशी काहीही संबंध नाही; पितृरेषेच्या झाडाला ए पासून अक्षरे देत गेले आणि या फांदीच्या वाट्याला ते आले, इतकेच.

अक्षर बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतो. आर-१एच्या दोन मोठ्या उपफांद्या आहेत: झेड-२८२ मुख्यतः पूर्व युरोपात, झेड-९३ मध्य आणि दक्षिण आशियात. दोन्ही साधारण साडेपाच ते सहा हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. उपखंडातील विविधतेवरून ही फांदी येथलीच, असा दावा एके काळी संशोधन-नियतकालिकांतूनही केला गेला होता, आणि त्या वेळच्या पुराव्यावर तो अगदीच निराधार नव्हता. प्राचीन डीएनए आल्यावर चित्र पालटले. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील कांस्ययुगीन दफनांत झेड-९३ आढळला, आणि त्या प्रदेशाकडून सुमारे चार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडे माणसे आल्याचे ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात दिसले. राखीगढीच्या स्त्रीत या गवताळ प्रदेशाचा अंश नव्हता. ६१ नमुने तपासून फक्त तिच्याच हाडातून कामापुरता डीएनए निघाला. तिची मातृरेषा यू-२बी-२. ती स्त्री असल्यामुळे तिच्यावरून सिंधू संस्कृतीतील पितृरेषांबद्दल, म्हणजे ज्या आर-१एवरून वाद पेटला होता त्याबद्दल, थेट काहीच कळणार नव्हते. हे लक्षात घेतले असते तर निम्मे मथळे छापलेच गेले नसते.

‘म्हणजे आर-१ए ज्याच्यात आहे तो बाहेरचा, आणि नाही तो मूळचा?’ तसेही नाही. हा गट आंध्र-तेलंगणातील चेंचू या आदिवासी समाजातही मिळाला आहे. उलट स्वात खोऱ्यातील, तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पुरलेल्या व्यक्तींत गवताळ प्रदेशाचा अंश स्पष्ट असूनही तेथल्या पुरुषांत आर-१ए क्वचितच सापडला. गट आणि अंश या दोन गोष्टी एकत्र चालतीलच असे नाही. उपखंडातील बहुतेक माणसांत प्राचीन इराणी पठाराशी नाते सांगणारा, फार जुन्या दक्षिण आशियाई शिकाऱ्यांचा आणि गवताळ प्रदेशाचा असे अंश कमी-अधिक प्रमाणात मिसळलेले आहेत; एक अक्षर त्यांपैकी एकाच पूर्वजाची एकच वाट दाखवते. आणि भाषा? भाषा डीएनएत नसते. भाषेचा प्रवास हाडांवरून सुचवता येतो, पण त्याचा निर्णय भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांना बरोबर घेतल्याशिवाय होत नाही.

प्रसिद्ध पूर्वजाचा मोह

२००३ साली असे प्रसिद्ध झाले, की कॅस्पियन समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यातील सुमारे आठ टक्के पुरुषांची वाय गुणसूत्रे एकमेकांशी विलक्षण जवळची असून त्यांचा पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी मंगोलियात झाला असावा. हा चंगेजखानाचा वंश असावा, असे संशोधकांनी सुचवले आणि जगभर तेच लक्षात राहिले. परंतु चंगेजखानाची कबर आजतागायत सापडलेली नाही, त्यामुळे त्याचे स्वतःचे वाय गुणसूत्र कोणी पाहिलेले नाही. हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे वंशज फार वाढले, एवढे विधान भक्कम आहे. त्या पुरुषाचे नाव हा तर्क आहे.

अहवालातल्या एका अक्षरात आपण किती

दहा पिढ्या मागे गेले तर वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात. मातृगट त्यांपैकी एकीचा, पितृगट एकाचा. उरलेल्या १,०२२ जणांबद्दल ही दोन अक्षरे अवाक्षर काढत नाहीत. २००७ साली इंग्लंडमधील यॉर्कशर येथील एक दुर्मीळ आडनाव लावणाऱ्या काही पुरुषांत ए-१ हा पश्चिम आफ्रिकेतला पितृगट सापडला. दिसायला, बोलायला, कागदोपत्री ते सर्वस्वी इंग्रज होते, आणि घराण्यात आफ्रिकी पूर्वज असल्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. काही शतकांपूर्वीच्या एका माणसाचा धागा अखंड राहिला. बाकीचा सारा अंश पिसून पिसून विरून गेला.

याच्या उलट टोकाचे उदाहरण निअँडरथल मानवाचे. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत एक ते दोन टक्के भाग निअँडरथलांकडून आलेला आहे, हे स्वांते पाबो यांच्या गटाने २०१० पासून दाखवून दिले, आणि पाबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आज हयात असलेल्या कोणाचीही मातृरेषा किंवा पितृरेषा निअँडरथल नाही. आपल्याजवळ केवळ हॅप्लोग्रुपच असते, तर ही भेट कधी झालीच नाही असे आपण छातीठोकपणे सांगितले असते. किंबहुना १९९७ साली निअँडरथलाच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए प्रथम वाचला गेला तेव्हा अनेकांनी तसेच मानले होते. म्हणून आता संशोधक सबंध डीएनए वाचतात आणि हॅप्लोग्रुपकडे त्यातील एक खास साक्षीदार म्हणून पाहतात. हा साक्षीदार पाहिले तेवढेच सांगतो, पण त्याने पाहिलेले फार नेमके असते.

दोन्ही धागे एकाच माणसात एकाच वेळी तपासलेले पाहायचे असतील, तर इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा पाहावा. १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला. २०१२ साली लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली हाडे मिळाली. रिचर्डच्या बहिणीपासून मुलीकडून मुलीकडे उतरत आलेल्या वंशातील दोन हयात व्यक्तींशी हाडांतील मातृरेषा जुळली. ती जे-१सी-२सी, युरोपात दुर्मीळ, त्यामुळे ओळख पक्की झाली. मग घराण्याच्या वंशावळीप्रमाणे त्याच पितृरेषेत येणाऱ्या पाच हयात पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. रिचर्डचा गट जी निघाला. त्या पाचांपैकी चौघांचा आर-१बी आणि पाचव्याचा आय. पाच शतकांहून अधिक जुन्या, मोहोरबंद कागदांनी जपलेल्या त्या वंशावळीत निदान दोन ठिकाणी तरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. पहिली तूट कोणत्या पिढीत पडली हे हाडांवरून ठरत नाही, आणि ती रिचर्डच्या आधीच्या एखाद्या पिढीत असेल तर त्या काळच्या राजांच्या गादीवरील हक्काचाच प्रश्न निघतो, हेही अभ्यासकांनी तेव्हा नमूद करून ठेवले.